सहा-सात माणसं, दोन कथा, दोन तास

मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या लेखनावर सहसा दोनच प्रतिक्रिया मिळतात. एक, 'खूप छान'; दुसरी, शांतता. कथा व्हॉट्सॲपवर टाकली की पहिल्या दहा मिनिटांत अंगठे आणि फुलांचे गुच्छ येतात, आणि ते पाठवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती उघडलेलीही नसते. तीच कथा दिवाळी अंकाला पाठवली, तर अंक हाती येईपर्यंत वाट बघायची. अनुक्रमणिकेत नाव नसलं की समजून घ्यायचं. का घेतली नाही, कुठे फसली, पुन्हा लिहिली तर बरी होईल का, हे सांगणारं कुणी नाही.

एके काळी होतं. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. कथा कुठे सैल झाली आहे, कुठलं पात्र नुसतंच येऊन जातं, हे त्यात असे. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी, पुन्हा पत्र येई. हा प्रकार सगळ्यांना मानवत होता असं नाही. एकाच अभिरुचीच्या चाळणीतून सगळ्या मराठी साहित्याने का जावं, हा लघुनियतकालिकवाल्यांचा सवाल रास्त होता. पण 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद पडलं, तेव्हा त्या चाळणीबरोबर ती पत्रंही गेली. आजही काही संपादक असे कष्ट घेतात, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हा हे काम आता लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी करायचं. गावोगावी साहित्य कट्टे निघतात ते याच ओढीने. त्यातले बहुतेक वर्ष-दीड वर्षात एक तर बंद पडतात किंवा त्यांचं कविसंमेलन होतं. माणसं वाईट असतात म्हणून हे होत नाही. बैठक कशी चालवायची, हेच कुणी ठरवलेलं नसतं.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुण्याचं. 1923 साली काही तरुण कवी रविवारी चहाला जमू लागले: माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, आणि दिवाकर. यांतले दिवाकर नाट्यछटाकार म्हणून ओळखले गेले, म्हणजे कवींच्या घोळक्यात गद्याचा माणूस. (गट एकाच वाङ्मयप्रकाराचा असावा असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) चहा घ्यायचा, कविता वाचायच्या, त्यांवर बोलायचं. हेच रविकिरण मंडळ. 'किरण' हा त्यांचा संयुक्त संग्रह त्याच वर्षी आला. स्वतः प्रकाशन करायचं, एकमेकांना उभं करायचं, ही त्यांची मोठी कमाई.

पण मंडळाचा खरा बोलबाला झाला तो काव्यगायनाने. यशवंत आणि गिरीश कविता गाऊन म्हणत, आणि महाराष्ट्रभर त्यांना ऐकायला गर्दी होई. कविता पुस्तकातून निघून सभागृहात आली, हे मराठी कवितेवरचं ऋणच आहे. मात्र गायलेल्या कवितेला टाळी मिळते, दुरुस्ती मिळत नाही. सुरात म्हटलेली कमकुवत ओळही गोड लागते. मंडळावर बाहेरून परखड टीका झाली ती विडंबनातून: अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' 1925 साली आली आणि मंडळाच्या लकबी घराघरांत हशाचा विषय झाल्या. माझं आपलं मत असं, की त्यातल्या काही लकबी रविवारच्या चहालाच कुणी थट्टेत पकडल्या असत्या, तर अत्र्यांचं सामान थोडं कमी झालं असतं.

पुढे माडखोलकर नागपूरला गेले, माधव जूलियन कोल्हापूरला, मनोरमाबाई आणि दिवाकर अकाली वारले. मंडळ विरत गेलं. लहान गटांचं आयुष्य असंच असतं, त्यात दुःख मानण्यासारखं काही नाही.

याच्या शेजारी दुसरा एक गट ठेवून पाहण्यासारखा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात ऑक्टोबर 1963 मध्ये फिलिप हॉब्सबॉम नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या घरी लिहिणाऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. शेमस हीनी, मायकेल लाँगली, स्ट्युअर्ट पार्कर, बर्नार्ड मॅकलॅव्हर्टी ही नावं आज मोठी आहेत. तेव्हा ते शिक्षक होते, विद्यार्थी होते, प्रयोगशाळेत काम करणारे होते. त्या गटात एक साधी शिस्त होती. ज्याची पाळी असेल त्याच्या कविता किंवा कथा टंकलिखित करून, त्यांच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून सगळ्यांना आधी वाटल्या जात. बैठकीच्या पूर्वार्धात लेखक त्या वाचायचा आणि त्या कागदांवर चर्चा व्हायची, एकाच लेखकावर. मग कॉफी. उत्तरार्धात कुणीही काहीही वाचावं.

ही पद्धत हॉब्सबॉम यांनी केंब्रिजहून आणलेली होती. तिथे आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता द्यायचे आणि काय वाचलं ते लिहायला सांगायचे. त्या प्रयोगावरचं त्यांचं पुस्तक 1929 साली आलं. नाव झाकलं की माणसं काय भलभलतं वाचतात, हे त्यातून दिसलं. हॉब्सबॉम केंब्रिजला एफ. आर. लीव्हिस यांचे विद्यार्थी. शब्दाशब्दाशी थांबून वाचायची सवय तिथलीच. आधी केंब्रिज, मग 1955 पासून लंडन, मग बेलफास्ट, आणि शेवटी ग्लासगो, असे चार ठिकाणी त्यांनी गट जमवले. 1966 मध्ये ते बेलफास्ट सोडून गेले, त्याच वर्षी हीनींचा पहिला संग्रह आला. त्यातल्या अनेक कविता गटाच्या कागदांवरून गेलेल्या होत्या. त्यानंतर हीनी आणि इतरांनी गट 1972 पर्यंत चालवला. ते कागद आज बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात जपून ठेवले आहेत.

पुण्यात आवाज होता, बेलफास्टमध्ये कागद. लेखनगट चालवायचा असेल तर माझं सगळं वजन कागदाच्या बाजूला आहे. ऐकताना आपण माणसाला ऐकतो: त्याचा गहिवर, त्याचं वय, काल रात्री जागून लिहिलंय म्हणून डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं. त्याच्यासमोर खरं बोलणं जड जातं. कागद आठवडाभर आधी घरी आला, की आपण वाक्यं वाचतो. कंटाळा आला तर आला; कुठल्या परिच्छेदाला आला तिथे पेन्सिलीने खूण करता येते. आणि त्या खुणेला भीड नसते.

कवितेबाबत एक जोड देतो. कविता कागदावर असावीच, पण बैठकीत दोनदा वाचावी: एकदा कवीने, एकदा दुसऱ्या कुणीतरी. कवी स्वतः म्हणतो तेव्हा कमी पडलेली मात्रा नकळत स्वर लांबवून भरून काढतो. दुसरा म्हणायला लागला की नेमका तिथेच अडखळतो. वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी याहून स्वस्त परीक्षा नाही. गझल लिहिणाऱ्यांचे गट त्यामानाने लवकर मार्गी लागतात, असं मी पाहिलं आहे. काफिया चुकला की चुकला, त्यात रुसण्याला जागा नाही. सुरेश भटांनी नवख्यांसाठी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहून ठेवल्यामुळे वाद घालायला एक सामायिक आधारही आहे. मुक्तछंदाला आणि कथेला अशी बाराखडी नाही, म्हणून तिथे बोलण्याची रीत जास्त जपावी लागते.

आता माणसं किती? इथे भावना नको, गणित करावं. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं म्हटलं, तर सात जणांच्या गटात लेखक वगळून सहा जणांची तीस मिनिटं. लेखकाचं उत्तर आणि पुढची मोकळी चर्चा पंधरा मिनिटं. म्हणजे एका कथेला पाऊण तास. दोन तासांच्या बैठकीत चहा धरून दोन कथा होतात. महिन्यातून एकदा जमलात, तर प्रत्येकाची पाळी साडेतीन महिन्यांनी येते, वर्षातून तीनदा. हे बरं प्रमाण आहे. लिहायला वेळ मिळतो आणि हात थंडही पडत नाही. पंधरा जण झाले, की एका कथेलाच दीड तास जातो आणि पाळी सव्वा वर्षाने येते. तोवर माणूस येणं सोडतो. चारच जण असले तर एक आजारी, एकाकडे लग्न, आणि बैठक रद्द. म्हणून सहा ते आठ. नवव्या माणसाला नाही म्हणायला शिका, किंवा दुसरा गट काढायला त्याला मदत करा.

कथेची लांबीही ठरवलेली बरी. अडीच-तीन हजार शब्दांच्या वर पहिल्या वर्षी जाऊ नये. कादंबरीवाल्याने एक प्रकरण आणावं, सोबत मागच्या कथानकाचा अर्धा पान सारांश. सहा-सात पानांच्या सात प्रती म्हणजे पन्नासेक पानं. झेरॉक्सवाल्याचं बिल फार होत नाही, ते ज्याची पाळी त्याने द्यावं. फोनवर पीडीएफ पाठवून भागतं असं सगळे म्हणतात. भागतं, पण फोनवर वाचलेल्या कथेवर पेन्सिलीची खूण राहत नाही, आणि बैठकीत 'ते कुठेसं होतं बघा' म्हणत बोट वर-खाली सरकवण्यातच पाच मिनिटं जातात.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि पाळायला सर्वांत कठीण. ज्याच्या लेखनावर चर्चा चालू आहे त्याने तोंड उघडायचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 पासून चालत आलेल्या लेखन कार्यशाळेची ही जुनी शिस्त. 1956 मध्ये डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी संमेलन भरवलं, तिथून ती विज्ञानकथाकारांच्या गटांमध्ये रुजली. सगळे गोल बसतात, एकेक जण ठरलेल्या मिनिटांत आपलं म्हणणं मांडतो, मध्ये कुणी बोलत नाही, आणि लेखकाला सगळ्यांत शेवटी बोलायला मिळतं.

गप्प का बसायचं? कारण पुस्तक छापून झाल्यावर लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन समजावून सांगू शकत नाही. 'म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं की...' हे वाक्य सुरू झालं की समोरच्याचं वाचन पुसलं जातं. त्याला काय कळलं नव्हतं, ते तो विसरतो आणि लेखकाने सांगितलेलं खरं धरतो. लेखकाने त्या वेळात वहीत लिहावं. हाताला काम असलं की जिभेला आवर घालणं सोपं जातं.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. गटातले सगळे एका वळणाचे असले आणि लिहिणारा वेगळ्या वस्तीतून, वेगळ्या बोलीतून आलेला असला, तर गप्प बसणं म्हणजे त्याच्यावर इतरांचं अज्ञान ऐकत राहण्याची सक्ती होते. आपल्याकडे हे फार लवकर घडतं. मालवणीतला, अहिराणीतला, वऱ्हाडीतला संवाद शहरी गटात आला की पहिला हात वर होतो तो 'हे वाचकांना कळणार नाही' म्हणायला. कुठल्या वाचकांना? नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह 1972 साली आला. त्याला प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर गोलपिठ्याची मुंबईतली वस्ती हिंडले, आणि कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ आपल्याला ठाऊक नव्हते हे त्यांनी प्रस्तावनेत लपवलं नाही. त्या वेळी तेंडुलकर मराठीतले मान्यवर नाटककार होते. न कळलेल्या शब्दाबद्दल आधी विचारायचं आणि मग मत द्यायचं, एवढं त्यांच्याकडून घेतलं तरी पुष्कळ.

म्हणून नियमात थोडी मोकळीक ठेवावी: चर्चेआधी लेखकाला दोन-तीन प्रश्न विचारू द्यावेत. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने 1990 च्या सुमारास एक पद्धत बसवली, ती नाचासाठी असली तरी लेखनाला चांगली लागू पडते. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंताने त्यांना आपले प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. मत द्यायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि परवानगी घेऊन: 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' लेखक 'आज नको' म्हणू शकतो. मराठी बैठकीत सुरुवातीला हे जरा नाटकी वाटतं. पण 'तुम्हाला राग येणार नसेल तर सांगतो' या आपल्या नेहमीच्या प्रस्तावनेपेक्षा ते बरं, कारण त्यात समोरच्याला खरंच नाही म्हणता येतं.

मत कसं द्यायचं, यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला एकच फरक पुरेसा वाटतो: वाचताना आपलं काय झालं ते सांगणं वेगळं आणि लेखकाने काय करावं ते सांगणं वेगळं. 'शेवट बदला' हा सल्ला झाला. 'शेवटी आल्यावर मला वाटलं एक पान गहाळ झालंय' ही साक्ष झाली. 'पात्रं ठसठशीत नाहीत' हे कुठल्याही कथेला चिकटवता येतं. 'सासू वारली हे मला पाचव्या पानावर कळलं, आणि मागे जाऊन पाहिलं तर ते दुसऱ्या पानावर अर्ध्या वाक्यात होतं' हे याच कथेचं आहे. साक्षीवर लेखकाला वाद घालता येत नाही, आणि घालायची गरजही पडत नाही. तीन जण एकाच ठिकाणी अडखळले असतील तर तिथे काहीतरी आहे हे नक्की. ते तिघे तीन वेगळे उपाय सुचवतील. ते उपाय ऐकून सोडून द्यावेत. कथा लिहिणाऱ्याची आहे, उपायही त्याचाच असू दे.

कौतुकालाही हाच नियम. 'अप्रतिम' म्हटल्याने लेखकाच्या हाती काही पडत नाही. कुठलं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं, कुठे चहा निवला, हे सांगितलं तर त्याला आपलं बळ कळतं. पुढच्या खर्ड्यात लेखक चुकीच्या भागाबरोबर चांगला भागही कापून टाकतो, हे फार वेळा होतं. कारण तो चांगला आहे हे त्याला कुणी नेमकेपणाने सांगितलेलंच नसतं.

शुद्धलेखनावर बैठकीत बोलू नये. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा नियम आहेत, ते महत्त्वाचेही आहेत. पण एकाने पहिल्या वेलांटीला हात घातला, की उरलेला अर्धा तास त्यातच जातो, कारण त्या विषयात सगळ्यांनाच मत असतं. चुका पेन्सिलीने प्रतीवर दाखवाव्यात आणि प्रती शेवटी लेखकाला परत कराव्यात. सात प्रतींवरच्या त्या खुणा घरी जाऊन एकत्र पाहणं हा बैठकीइतकाच मोठा भाग आहे.

आता आपल्याकडची खास अडचण, म्हणजे 'सर'. प्रत्येक गावातल्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापक किंवा प्राध्यापक असतात. बहुधा भला माणूस, पुष्कळ वाचलेला, वेळेवर येणारा. पण 'सर, तुम्हाला काय वाटतं?' असं म्हणून चर्चा सुरू झाली, की ती तिथेच संपते. सरांनी कथा बरी म्हटली तर बरी, नाही तर नाही. नुकतीच नोकरीला लागलेली, वयाने सगळ्यांत लहान मुलगी मग 'सरांनी सांगितलंच आहे' म्हणून गप्प बसते, आणि कदाचित तिनेच काहीतरी वेगळं पाहिलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे. सगळ्यांत लहान आधी, सर सगळ्यांत शेवटी. लष्करात कोर्ट मार्शलच्या वेळी सदस्यांचं मत विचारतात ते कनिष्ठ अधिकाऱ्यापासून, वरिष्ठांच्या मताचं दडपण येऊ नये म्हणून. जिथे हुद्दा खांद्यावर मिरवतात तिथे हे चालतं, तर वाचनालयाच्या खोलीत चालायला हरकत नसावी. सर नाराज होत नाहीत. उलट शेवटचा शब्द आपला म्हणून खूश असतात.

गटातल्या अडचणीचा दुसरा एक नमुना ऑक्सफर्डचा. सी. एस. लुइस, टॉल्किन आणि त्यांचे मित्र 1930 च्या दशकापासून 1949 पर्यंत गुरुवारी रात्री लुइस यांच्या खोलीवर जमत आणि लिहिलेलं वाचून दाखवत. त्यांच्यात नियम नव्हते, पदाधिकारी नव्हते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणं टॉल्किन तिथे वाचायचे. ह्यूगो डायसन या त्यांच्या मित्राला तो प्रकार बिलकूल आवडत नसे आणि तो उघडपणे कुरकुरायचा. शेवटी डायसन असला की टॉल्किन वाचेनासे झाले. एवढ्या विद्वान मंडळींच्या गटात ही गत. 'मला हा प्रकारच आवडत नाही' हे मत नव्हे, ती आवड आहे, आणि ती घरी ठेवून यावी. विज्ञानकथा न वाचणाऱ्याने विज्ञानकथेच्या पाळीला आपण कुठे गोंधळलो एवढंच सांगावं.

गटाची म्हणून एक चव तयार होते, हाही धोका आहे. मायकेल लाँगली यांनी बेलफास्टच्या गटाबद्दल पुढे लिहिलं की बारकाईने वाचण्याची ती रीत त्यांना आवडली, पण तिथे ज्या तऱ्हेच्या कवितेला शाबासकी मिळे ती तऱ्हा त्यांना रुचली नाही. ते शिकले आणि आपल्या वाटेने लिहीत राहिले. 'सत्यकथा'वर जो आक्षेप होता तोच इथे लहान प्रमाणात लागू पडतो. सात जणांना पसंत पडेल असं लिहिण्याची सवय लागली की गट सोडायची वेळ झाली असं समजावं, भांडण न करता.

सूत्रं कुणाकडे तरी असावीत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार नकोत. ते आले की उत्सवमूर्ती येतात, मग शाल-श्रीफळ येतं. एक जण पुरे, जो तारीख कळवेल, कागद वेळेवर पोचले का पाहील आणि घड्याळाकडे बघेल. हे काम सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्यावं. लाहोरला 1939 मध्ये सुरू झालेल्या 'हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक' या उर्दू लेखकांच्या मंडळात दर बैठकीचं इतिवृत्त लिहून पुढच्या बैठकीत वाचायची प्रथा होती. तेवढं नको वाटलं तरी कोणाच्या कशावर चर्चा झाली, हे वहीत दोन ओळींत असावं. वर्षाने ती वही उघडली की कोण फक्त ऐकायला येतो आणि कोण फक्त स्वतःचं वाचायला येतो, ते दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाशी बोलावं लागतं. ते काम नाजूक आहे, पण न केल्यास इतर पाच जण हळूहळू यायचे थांबतात.

वेळेचा विचार बायकांना विचारून करावा. संध्याकाळी सातची बैठक ठेवायची आणि 'आमच्या गटात लेखिका येत नाहीत' अशी तक्रार करायची, हे मी एकाहून अधिक गावांत ऐकलं आहे. रविवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ पुष्कळांना जमते. वर्षाचं वेळापत्रक दिवाळी अंकांकडे बघून आखावं. बरेच संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये खर्डा गटासमोर यायला हवा, तर दुरुस्तीला महिना-दीड महिना मिळतो. गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपलं न वाचता त्या वर्षीच्या अंकांतली एखादी कथा सगळ्यांनी वाचून त्यावर याच रीतीने बोलावं. लेखक समोर नसल्याने जीभ मोकळी सुटते आणि नजर तयार होते.

एक सावधगिरीही सांगायला हवी. गटात आलेलं लेखन गटाबाहेर जाऊ देऊ नये. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखन कागदावर उतरलं की स्वामित्वहक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण हक्क असला तरी फॉरवर्ड झालेली कथा परत आणता येत नाही, आणि समाजमाध्यमांवर फिरून आलेलं लेखन अनेक संपादक पूर्वप्रकाशित धरून नाकारतात. तेव्हा गटाच्या व्हॉट्सॲपवर फक्त तारीख, वेळ आणि कोण फराळ आणणार एवढंच असावं.

जागा बहुतेकांना वाटते तेवढी अवघड नाही. घरी बैठक घेतली की घरच्यांना पाहुणचार पडतो आणि दोन-चार महिन्यांत तो जड होतो. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित सार्वजनिक वाचनालयांचं जाळं तालुक्या-तालुक्यांत, खेड्यांपर्यंत आहे, आणि अनेक वाचनालयांना कार्यक्रम झाल्याचं अहवालात दाखवायला हवंच असतं. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या आणि विदर्भ साहित्य संघाच्या शाखाही ठिकठिकाणी आहेत. ग्रंथपालांना भेटा, रविवारी दुपारी एक खोली आणि सात खुर्च्या मागा. त्याआधी लिहिणारे पाच जण गाठा, आणि पहिल्या बैठकीचे कागद आठ दिवस आधी त्यांच्या हातात पडतील असं बघा.